बक्षिसाच्या बातमीत बनवलेली वस्तू कुठे आहे?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकाच्या शहर पानावर महाविद्यालयांच्या यशाच्या बातम्या दिसू लागतात. कुठल्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत तिसरे पारितोषिक मिळालेले असते, कुठल्या प्राध्यापकांच्या नावावर पेटंट झालेले असते, कुठल्या विद्यार्थिनीला भरघोस पगाराची नोकरी लागलेली असते. शेजारच्या छायाचित्रात ढाल, पुष्पगुच्छ आणि मधोमध संस्थेचे पदाधिकारी असतात. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये निदेशक म्हणून आयुष्य घालवले असल्याने या बातम्या जरा जास्तच बारकाईने वाचतो आणि दर वेळी तेच खटकते. मुलांनी नेमके काय बनवले, ते चालते कसे आणि ते बनवताना कोणाकोणाचे हात लागले, यांपैकी काहीच बातमीत सापडत नाही. यशाचे कौतुक करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्याचे कौतुक करायचे ती वस्तूच वाचकाला दिसत नाही, एवढीच तक्रार आहे.

उदाहरण आपल्या पुण्यातलेच देतो. २२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या यानाने एका उड्डाणात वीस उपग्रह नेले. त्यांत ‘स्वयं’ नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह होता आणि तो शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी तयार केला होता. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली आणि ते योग्यच झाले. मात्र घरी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी विचारले, तेव्हा तो उपग्रह काय काम करतो हे एकालाही सांगता आले नाही. ‘फोटो काढत असेल’ असे उत्तर बहुतेकांनी दिले.

‘स्वयं’ फोटो काढण्यासाठी नव्हताच. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण हॅम म्हणतो त्यांना, पृथ्वीवरच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी छोटे संदेश पोचवता यावेत यासाठी तो होता. त्याहून मोठी गंमत त्याच्या तोल सांभाळण्यात होती. अवकाशात सोडलेली वस्तू कशीही गडगडत राहते, आणि अँटेना पृथ्वीकडे योग्य रोखात नसेल तर संदेश नीट मिळत नाहीत. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाके, छोटी रॉकेटे, संवेदक अशी बरीच यंत्रणा असते, तिला वीज लागते आणि तिचे वजनही असते. दहा सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्यात हे सगळे कोंबायला ना जागा होती ना पैसा. मुलांनी आत कायमचे चुंबक बसवले, जेणेकरून उपग्रह होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आपोआप वळेल. पण सुईसुद्धा थांबण्याआधी बराच वेळ हेलकावे खाते आणि अवकाशात ते हेलकावे शमवायला हवा नसते. म्हणून खास मिश्रधातूच्या बारीक पट्ट्या बसवल्या. उपग्रह डोलू लागला की या पट्ट्यांचे चुंबकत्व सारखे उलटसुलट होते, त्यात डोलण्याची शक्ती थोडी थोडी उष्णता होऊन खर्ची पडते आणि डोलणे हळूहळू थांबते. एकही मोटर नाही, विजेचा एक थेंबही खर्च नाही. उपग्रहाच्या नावाचा अर्थ इथे उलगडतो, तो स्वतःच स्वतःला सावरतो. हे चार वाक्यांत सांगता येते, आठवीच्या मुलाला समजते, आणि माझ्या मते ‘वीस उपग्रहांचा विक्रम’ या मथळ्यापेक्षा ते अधिक काळ लक्षात राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. या कामाला सुमारे आठ वर्षे लागली. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्यांनी पहिली आकडेमोड केली ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन नोकरीला लागले होते, आणि ज्यांनी शेवटचे स्क्रू आवळले ते काम सुरू झाले तेव्हा शाळेत होते. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रहही असाच. २००७ मध्ये कल्पना निघाली आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी तो पीएसएलव्ही सी-३५ मधून गेला. विद्यार्थ्यांची तुकडी दर वर्षी बदलत असताना काम पुढे जाते ते कसे? वह्या नीट लिहिलेल्या असतात, जुन्या तुकडीने नव्या तुकडीला बसवून शिकवलेले असते, आणि या सगळ्या काळात जागचे न हललेले काही लोक असतात. प्राध्यापक असतात, प्रयोगशाळा सहायक असतात, वर्कशॉपचे लोक असतात, रात्री किल्ली घेऊन येणारा शिपाई असतो. उपग्रह गेला त्या दिवशीची छायाचित्रे अर्थातच शेवटच्या तुकडीची छापली जातात. त्यात कोणाचा दोष नाही, पण आठ वर्षांची गोष्ट एका दिवसाच्या छायाचित्रात मावत नाही, हे संपादकांना माझ्यासारख्याने सांगायला नको.

माझा स्वतःचा अनुभव उपग्रहाइतका उंचीवरचा नाही. आमच्या महाविद्यालयातील मुले इंदूरजवळ पिथमपूरला होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी गाडी बनवत. एका माणसाची, कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी, सगळ्या संघांना एकाच बनावटीचे इंजिन आणि शेवटी चार तास खड्ड्याखुड्ड्यांतून सलग चालवण्याची परीक्षा. एका वर्षी संघाचा मुलगा चाकाच्या हबचे, म्हणजे मधल्या भागाचे, ड्रॉइंग घेऊन लेथ चालवणाऱ्या आमच्या टर्नरकडे आला. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “बेअरिंगचं माप लिहिलंय, पण ते हातानं बसायला हवं का प्रेसवर दाबून?” मुलाकडे उत्तर नव्हते. संगणकावर काढलेल्या चित्रात बेअरिंग आणि त्याचे घर यांचे माप तंतोतंत सारखे होते. चित्रात दोन्ही एकमेकांत सुरेख बसत होती, लेथवर बसली नसती. मामांनी त्याला मायक्रोमीटर हातात दिला, एक भंगारातला तुकडा दोन वेगवेगळ्या मापांनी कातून दिला आणि बेअरिंग दोन्हींत बसवून पाहायला लावले. एकात ते खुळखुळले, दुसऱ्यात हातोडीनेही जाईना. टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमीजास्त चालेल, हा विषय त्या मुलाने दुसऱ्या वर्षी परीक्षेत लिहिला होता. तो त्याला त्या दिवशी समजला.

ती गाडी चार तास चालली. पारितोषिक मिळाले नाही, म्हणून बातमीही आली नाही. पुढे एका वर्षी पारितोषिक मिळाले, तेव्हा ती आली आणि छायाचित्रात संघातल्या मुलांबरोबर वरपासून खालपर्यंत सर्व पदाधिकारी होते. मामा त्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांना धातू घासायची फाइल कशी धरायची ते दाखवत होते. त्यांना बोलावणे कोणाला सुचले नाही. मलाही सुचले नाही, हे इथे कबूल करतो.

प्राध्यापकांच्या यशाविषयी लिहिताना वेगळाच घोळ होतो, आणि तो पेटंट या शब्दाचा आहे. ‘पेटंट मिळाले’ म्हणून छापल्या जाणाऱ्या बातम्यांतल्या कित्येकांत ते मिळालेले नसते. पेटंटचा अर्ज दाखल केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. वेगळे शुल्क भरून विनंती केली तर त्याहून बराच लवकर. प्रसिद्ध होणे म्हणजे ‘अमक्याने असा अर्ज केला आहे’ एवढेच. त्यानंतर तपासनीस तो वाचतो, हे आधी कोणी केले आहे का ते शोधतो, हरकती काढतो, अर्जदाराने त्यांची उत्तरे द्यायची असतात, आणि ती पटली तरच पेटंट मंजूर होते, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांसाठी. याशिवाय आराखड्याची नोंदणी हा निराळाच प्रकार आहे. तीत वस्तूच्या केवळ बाह्य रूपाला दहा वर्षांचे संरक्षण मिळते, ते आणखी पाच वर्षे वाढवता येते, आणि वस्तू काम कशी करते याच्याशी त्या नोंदणीचा संबंध नसतो. बातमीत मात्र अर्ज, प्रसिद्धी, मंजुरी आणि आराखडा या चौघांनाही पेटंट हे एकच नाव मिळते. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत देण्यात आली, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मानांकनात प्रसिद्ध झालेली व मंजूर झालेली अशी दोन्ही पेटंटे जमेस धरली जातात. अशा वेळी अर्जांची संख्या वाढावी यात नवल नाही. ज्यांनी खरोखर वर्षानुवर्षे हरकतींना उत्तरे देत पेटंट मिळवले त्या प्राध्यापकांवर मात्र यात अन्याय होतो, कारण त्यांची ओळ आणि काल अर्ज केलेल्याची ओळ छापून आल्यावर सारखीच दिसते. ‘मंजूर झाले की प्रसिद्ध झाले?’ एवढा एक प्रश्न आपल्या बातमीदाराने फोनवर विचारला तरी पुरे.

सीओईपीविषयी लिहिताना प्रत्येक बातमीत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव येते. ते तिथून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले हे आपण सगळे ऐकून आहोत. पण खडकवासल्याला रविवारी भजी खाणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक आहे की १९०३ मध्ये त्याच धरणावर त्यांनी स्वयंचलित दारे बसवली, जी ठरावीक पातळीपर्यंत पाणी अडवून धरत आणि त्यावर पूर चढू लागला की माणसाने हात न लावता उघडत, आणि त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला? बारामतीत जन्मलेले आणि याच महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधला. आज त्या जातीच्या लेसरने पुण्या-पिंपरीच्या किती तरी छोट्या दुकानांत अॅक्रिलिक, लाकूड आणि लग्नपत्रिकांचे कागद कापले जातात. पत्रिका कापणाऱ्याला हे सांगितले तर तो हातातले काम थांबवून ऐकेल, अशी माझी खात्री आहे. आपल्या पानावर मात्र पटेल हे ‘नामवंत माजी विद्यार्थी’ या यादीतले एक नाव असतात.

आणखी एक बाब जुन्या कागदांतली आहे. १८५४ मध्ये ही संस्था सुरू झाली ती मोठे अभियंते घडवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे, म्हणजे कामावर देखरेख करणारे लोक हवे होते, त्यांना शिकवण्यासाठी ती काढली गेली, आणि तिच्या पहिल्या नावातच यंत्रशाळा होती. पुढे ते महाविद्यालय झाले आणि २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठही झाले. वरच्या पायऱ्या चढताना यंत्रशाळेतला माणूस बातमीतून खाली कधी उतरला, हे मला ठाऊक नाही.

माझी विनंती छोटी आहे. यंदा १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या पुरवणीत महाविद्यालयांच्या जाहिरातींच्या शेजारी एक पान असे द्यावे की ज्यात शहरातील विद्यार्थ्यांनी बनवलेली एकच वस्तू असेल. तिचे छायाचित्र असावे, पण हातात धरलेल्या ढालीसह नव्हे, टेबलावर उघडून ठेवलेली असावी. ती चालते कशी, कुठे फसली आणि आता कुठे पडून आहे, ते लिहावे, आणि तिला हात लागलेल्या सर्वांची नावे द्यावीत, वर्कशॉपच्या माणसांसकट.

आमच्या त्या पहिल्या, पारितोषिक न मिळालेल्या गाडीचा सांगाडा मी निवृत्त झालो तेव्हा सायकल स्टँडच्या मागे गंजत उभा होता. त्याची चारही हब मात्र जागेवर नव्हती. पुढच्या संघाने ती काढून नेली होती, वापरायला.

आपला नम्र,
एक निवृत्त वर्कशॉप निदेशक,
पुणे