48 आवाजांचा एक सूर

रामबाग, इंदूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नवं गाणं ऐकलं. आधी मोबाइलवर, मग तू दिवाळीत दिलेला हेडफोन लावून. चाल चांगली झाली आहे. अंतऱ्यात ओळ संपायच्या आधी तू जिथे थबकतेस, ती जागा तर फारच आवडली. पण मागचा तो 'आऽऽ'चा कोरस सुरू झाला की माझं लक्ष उडतं. तू म्हणालीस, तो प्लगिनमधला, म्हणजे लॅपटॉपवरच्या जोड-सॉफ्टवेअरमधला आहे, बटण दाबलं की चाळीस बायका गायला लागतात. ते ऐकतानाच कळलं. चाळीसजणी गातात आणि एकीलाही दम लागत नाही.

त्यावर मी टेन सीसी या इंग्लिश बँडच्या गाण्याचं नाव काढलं, तर तू 'ते म्हाताऱ्यांचं स्लो गाणं ना?' म्हणून हसलीस आणि विषय बदललास. म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

गाणं 'आय ॲम नॉट इन लव्ह', साल 1975. करणारे चौघे: एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गूल्डमन, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम. मँचेस्टरला लागून स्टॉकपोर्ट म्हणून गाव आहे, तिथल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत हे झालं. स्ट्युअर्टची त्या स्टुडिओत भागीदारी होती, हे लक्षात ठेव. तासाचं भाडं मोजत कुणी उशाशी बसलेलं नव्हतं. पुढे जे सांगणार आहे ते भाड्याच्या स्टुडिओत कुणी सुरूच केलं नसतं.

गाण्याचं मूळ घरगुती कुरबुरीत आहे. स्ट्युअर्टच्या बायकोची, ग्लोरियाची, तक्रार होती की 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं हा पुरेसं म्हणत नाही. त्याचं म्हणणं, उठताबसता म्हटलं की त्यात काही राहत नाही. मग त्याने उलट्या बाजूने गाणं रचलं. गाणारा म्हणतो, मी काही प्रेमात-बिमात नाही. आणि मग अशी एकेक कारणं देत सुटतो की ऐकणाऱ्याला कळून चुकतं, गडी पुरता बुडालाय. तिचा फोटो भिंतीवर आहे, तो म्हणे डाग झाकायला! (हे पत्र पाकिटात जाण्याआधी तुझी आई वाचणार आहे, तेव्हा या मुद्द्यावर जास्त लिहीत नाही.)

स्ट्युअर्ट आणि गूल्डमन यांनी मिळून ते पुरं केलं आणि आधी बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्यावर, गिटारी घेऊन वाजवून पाहिलं. बाकी दोघांना अजिबात रुचलं नाही. गाणं बाद झालं. नुसतं बाजूला ठेवलं नाही, टेपसुद्धा पुसून टाकली. पण स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल येता-जाता गुणगुणत राहिली. तेवढ्या आधारावर स्ट्युअर्टने पुन्हा विषय काढला, तेव्हा गॉडली म्हणाला की करायचंच असेल तर आजवर कुणी केलं नसेल तसं करू. वाद्यं ठेवा बाजूला, सगळं गळ्यांवर उभं करू. ज्याला गाणं नावडतं होतं त्यानेच वाट काढून दिली. आपल्याकडे ज्याला आवडत नाही तो नावं ठेवतो आणि चपला घालून निघतो.

आता ते गळे. गॉडली, क्रीम आणि गूल्डमन हे तिघे एका मायक्रोफोनभोवती उभे राहिले आणि एकच सूर, नुसता 'आ', लांबवर धरला. मशीन 16 ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर शेजारी-शेजारी 16 वेगळी रेकॉर्डिंग करणारं. तोच सूर पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर, मग तिसऱ्या, असा सोळाही ट्रॅक भरेपर्यंत. तीन गळे गुणिले 16, म्हणजे एका सुराचे 48 आवाज. ते एकत्र मिसळून ठेवायचे आणि पुढचा सूर घ्यायचा. असे सप्तकातले बाराही सूर, कोमल-तीव्र धरून. एवढी जमवाजमव करायलाच तीन आठवडे लागले.

तू म्हणशील, हे सगळं आता बटणात येतं. येतं ना. पण माणूस तोच सूर दुसऱ्यांदा लावतो तेव्हा तो नेमका तोच लागत नाही. कधी केसभर चढा, कधी केसभर उतरलेला, श्वास कुठे क्षणभर आधी सुटलेला. अगदी जवळजवळच्या दोन कंपनसंख्या एकत्र आल्या की त्यांच्यात हलकी आंदोलनं उठतात, हे तू तंबोरा जुळवताना लहानपणीच ऐकलं आहेस. 48 गळे एकत्र आले की अशी आंदोलनं एकमेकांत इतकी मिसळतात की एकही वेगळं मोजता येत नाही, आणि सूर जागच्या जागी झळाळत राहतो. तुझ्या चाळीसजणी एकमेकींपासून पुरेशा ढळत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

पण माणूस सूर धरून धरून किती वेळ धरणार? गाणं सहा मिनिटांचं. तेव्हा क्रीमने सुचवलं, टेपचे लूप करू. हे मात्र तू माझ्याकडूनच ऐकायला हवंस, कारण इंदूर आकाशवाणीत, मालवा हाउसमध्ये, माझी निम्मी नोकरी टेप कापण्यात गेली.

पाव इंच रुंदीची तपकिरी टेप. जागा सापडेपर्यंत दोन्ही हातांनी दोन्ही स्पूल सावकाश पुढे-मागे फिरवायचे. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवरून शब्द घोगरा, ताणलेला, माणसाचा न वाटणारा होऊन सरकतो. नेमकी जागा आली की मेणाच्या पेन्सिलीने टेपच्या पाठीवर खूण. मग टेप खाचेत बसवायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा, दोन टोकं भिडवायची आणि पाठीमागून चिकटपट्टी लावून नखाने घासायची. छेद तिरकाच का? सरळ कापली तर सांधा हेडवरून एकदम जातो आणि 'टक्' वाजतं. तिरक्या सांध्यात आधीचा आवाज उतरत जातो आणि पुढचा चढत येतो. तरी तयार कानाला सांधा कळतोच. आमचे एक वरिष्ठ बातम्या ऐकता ऐकता बोटं वर करून सांधे मोजायचे.

लूप म्हणजे टेपचं शेवटचं टोक तिच्याच पहिल्या टोकाला जोडायचं. मग ती फिरत राहते आणि सूर संपत नाही. स्ट्युअर्टचे लूप सुमारे 12 फुटांचे होते. एवढी लांब टेप मशीनवर मावणार कुठे? एका बाजूने ती रेकॉर्डरच्या हेडवरून घेतलेली, दुसऱ्या बाजूने माइकच्या स्टँडवर बसवलेल्या छोट्या रोलरवरून, आणि ताण हाताने सांभाळलेला. ताण जरा सैल पडला तर सूर डळमळणार, जास्त झाला तर टेप ओढली जाणार. मी हे वाचलं तेव्हा मला त्या गाण्याइतकंच त्या हाताचं कौतुक वाटलं.

लांबी एवढी का, तेही सांगतो. सांधा जितका उशिरा फिरून येईल तितकं बरं. आमच्या साडेसात इंच वेगाच्या मशीनचा हिशेब धरला तर 12 फूट म्हणजे 144 इंच, साधारण 19 सेकंदांनी एकदा सांधा. शिवाय प्रत्येक सुराचा सांधा वेगळ्या वेळी येईल असं पाहिलं की त्याची टकटक बाकीच्यांच्या आवाजात बुडून जाते.

आता बारा सूर अखंड चालू आणि मिक्सरवर प्रत्येकाला आपापला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण. चौघेही मिक्सरला चिकटून बसले आणि फेडर वरखाली करत त्यांनी गाणं अक्षरशः वाजवलं. जो कॉर्ड, म्हणजे सुरांचा जो मेळ हवा, त्याचे तीन-चार सूर वर, बाकीचे खाली. पुढचा कॉर्ड आला की हात बदलले. आमच्याकडे फेडर म्हणजे निवेदकाचा आवाज वर आणि सिग्नेचर ट्यून खाली. हे वाद्य आहे असं ड्यूटी रूममध्ये कुणी म्हटलं असतं तर त्याला आठ दिवस रजेवर जायला सांगितलं असतं.

ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय ती पुढेच आहे. स्ट्युअर्टने प्रत्येक फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावून ठेवली होती. फेडर कितीही खाली ओढला तरी शून्यावर जाऊच नये म्हणून. म्हणजे त्या घडीला कॉर्डमध्ये नसलेले सूरसुद्धा हलकेच चालू राहणार, बाराच्या बारा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कानाला ते सूर म्हणून ऐकू येत नाहीत, नुसती एक फुसफुस येते. गायक थांबला तरी तंबोऱ्यामुळे मैफल रिकामी पडत नाही, तसंच. फरक एवढाच की आपल्या तंबोऱ्यावर षड्ज आणि पंचम. इथे बारा सूर एकाच वेळी! कुणी खाँसाहेब बैठकीत असते तर उठून गेले असते. शास्त्राने पाहिलं तर तो गोंगाट आहे, काढून टाकण्याच्या लायकीचा. पण तो माणूस समोर गातोय की मला काही वाटत नाही, आणि त्याच्या मागे काही केल्या आवाज बंद होत नाहीये. गीतात हे कुठेही लिहिलेलं नाही. ते चिकटपट्टीने केलं आहे. माझ्या मते सगळं गाणं त्या चिकटपट्टीवर उभं आहे, 48 गळ्यांवर नव्हे.

वाद्यं अगदीच नाहीत असं नाही. स्ट्युअर्टचा इलेक्ट्रिक पियानो आहे, गूल्डमनची हलकी गिटार आहे, ड्रमच्या जागी गॉडलीने मूग सिंथेसायझरवर काढलेला धप्-धप् ठोका आहे. शेवटाकडे लहान मुलांच्या खेळण्यातली म्युझिक बॉक्स वाजते. ती नसती तरी मला चाललं असतं.

मधल्या भागात एक बाई कुजबुजते, मोठी मुलं रडत नाहीत अशा अर्थाचं काहीतरी. ती गायिका नव्हे. ती स्टुडिओची सेक्रेटरी, कॅथी रेडफर्न. त्या जागी काहीतरी हवं होतं आणि काय ते सुचत नव्हतं. तेवढ्यात ती दार उघडून आत आली आणि काम चालू आहे म्हणून दबक्या आवाजात म्हणाली, एरिक, तुझा फोन आहे. क्रीम म्हणाला, हाच तो आवाज! बिचारी तयार नव्हती, तिची समजूत काढून तिला माइकसमोर उभं केलं. आमच्याकडे लाल दिवा लागलेला असताना दार ढकलणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागायचं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मे 1975 मध्ये रेकॉर्ड निघाली, जूनअखेरीस इंग्लंडात पहिल्या नंबरावर जाऊन तिथे दोन आठवडे राहिली, अमेरिकेत दुसऱ्यापर्यंत गेली. रेडिओवाल्यांना सहा मिनिटांचं गाणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून कापून छोटी आवृत्तीही निघाली. ती ऐकू नकोस. पुढच्याच वर्षी गॉडली आणि क्रीम वेगळे झाले.

माझ्याकडे हे गाणं कॅसेटवर आलं, महूच्या एका मित्राकडून. तुझे आजोबा म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांचे भक्त. 1974 मध्ये खाँसाहेब गेले त्यानंतर कितीतरी दिवस ते रेडिओही लावत नसत. त्यांना एकदा धीर करून हे ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, आणि म्हणाले, 'घाई करत नाही, एवढं बरं आहे.' विलंबितावर पोसलेल्या माणसाकडून इंदुरात एवढी दाद मिळणं म्हणजे काय, ते तू समजून घे.

आता तुझ्या गाण्याकडे येतो. तीन आठवडे काढ असं मी म्हणत नाही, तुझी नोकरी आहे. पण तुझ्या खोलीवर तू आणि दोन मैत्रिणी, म्हणजे तिघी झाल्याच की. तुझ्या लॅपटॉपला 16 ट्रॅकची अडचण नाही आणि टेपही कापायची नाही. मुखड्याच्या कॉर्डमधले तीन-चार सूर तेवढे घ्या. दर वेळी माइकपासून थोडं मागेपुढे उभ्या राहा, एकदा बसून गा, आणि सूर दुरुस्त करणारं ते सॉफ्टवेअर बंद ठेवा. एखादी थोडी कणसुर झाली तरी राहू दे. तिला काढून टाकलंस तर पुन्हा प्लगिनपाशीच येशील.

आणि दुसरं: अंतरा सुरू होताना तू कोरस एकदम कापला आहेस. अगदी शून्य. तिथे कानात भोक पडल्यासारखं होतं. आवाज पूर्ण बंद करू नकोस, तळाशी थोडा राहू दे आणि मग तुझी ती थबकायची जागा कशी लागते ते ऐक. कदाचित जास्त उठेल, कदाचित बुडेल. बुडाली तर माझं ऐकू नकोस, जागा वाचव.

कोरस नसलेली फाइल पाठव. हेडफोनची वायर सैल झाली आहे, येताना दुसरी आण. आईने लसणाची शेव कुरियरने पाठवली आहे, पोहोचली की कळव.

तुझे
बाबा

ता. क. आईने पत्र वाचलं. म्हणाली, फेडरचं सगळं कळलं, भिंतीवरच्या फोटोचं संध्याकाळी बोलू.