टक्केवारी छापताना ती कशाची, हेही छापावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषिकांच्या संख्येविषयी मोबाइलवर फिरणारे आणि अधूनमधून वृत्तपत्रांतही उमटणारे आकडे वाचून हे पत्र लिहीत आहे. कोणी सांगतो की मराठी माणूस पाचांत एकही उरलेला नाही, तर कोणी सांगतो की निम्म्याहून अधिक आम्हीच आहोत. आणि दोघेही हवाला जनगणनेचाच देतात. काळजीची गोष्ट अशी की दोघांचेही आकडे खरे असू शकतात.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार होती आणि त्यांपैकी मराठी मातृभाषा नोंदवणारे १९ टक्क्यांच्या आसपास होते. परंतु त्या वेळच्या १० तालुक्यांत कन्नडबहुल रामदुर्ग आणि सौंदत्ती जसे होते, तसा मराठीबहुल खानापूरही होता. एक जण संपूर्ण जिल्हा छेदात धरतो, दुसरा एखादा तालुका किंवा शहरातील चार वॉर्ड धरतो आणि ते न सांगता टक्केवारी तेवढी पुढे करतो. कणकुंबीत पाऊस धो धो कोसळत असताना अथणीकडे पिके वाळत असतात. जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून या दोन्ही ठिकाणचा कोणताही शेतकरी पेरणी ठरवणार नाही. भाषेच्या बाबतीत मात्र आपण तीच सरासरी डोळे मिटून स्वीकारतो.

छेदाइतकेच महत्त्व प्रश्नाला आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती भाषा, आणि येत असलेल्या इतर दोन भाषांची नोंद वेगळी होते. आमच्या भागात मराठी घरातील माणसाला बाजारापुरते का होईना कन्नड येते आणि कित्येक कन्नड घरांत मराठी सहज बोलली जाते. त्यामुळे ‘भाषा येणारे’ आणि ‘मातृभाषा असणारे’ हे आकडे एकमेकांच्या जागी वापरले, तर कोणत्याही बाजूला हवा तो निष्कर्ष काढता येतो. ‘आज इतके टक्के’ असे लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे तो ‘आज’ २०११ मधला आहे. संकेतस्थळांवर घेतलेल्या कौलाबद्दल तर बोलायलाच नको. ज्याला राग आला तोच तिथे मत देतो.

खेदाने लिहावे लागते की ही चूक आम्ही मराठी भाषिकही करतो. शिक्षक म्हणून आयुष्यभर गणित शिकवल्यानंतर, आपल्या बाजूचा आकडा आहे म्हणून तो तपासायचा नाही, हे मला पटत नाही. शिवाय हा केवळ वादाचा विषय नाही. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा अधिक असतील, तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे मान्य धोरण आहे. तेव्हा ‘भाग’ म्हणून जिल्हा धरायचा, तालुका की नगरपालिका, यावर एखाद्या म्हातारीला सातबाऱ्याबाबतची नोटीस वाचता येणार की नाही, हे ठरते.

म्हणून विनंती आहे की, आपण अशी कोणतीही टक्केवारी छापताना ती कोणत्या वर्षाची, कोणत्या क्षेत्राची, कोणी मोजलेली आणि नेमका कोणता प्रश्न विचारून मिळवलेली आहे, हे त्याच बातमीत एका ओळीत द्यावे. ही माहिती उपलब्ध नसेल, तर तो आकडा मथळ्यात घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव