'बॉम्बास्टिक' ही स्तुती नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादे भाषण गाजले की त्याला कौतुकाने 'बॉम्बास्टिक' म्हणण्याची पद्धत बातम्यांत दिसते. शब्दात 'बॉम्ब' ऐकू येतो, म्हणून धमाकेदार, सभा दणाणून सोडणारे असा अर्थ लावला जात असावा. या शब्दाचा बॉम्बशी काही संबंध नाही आणि प्रमाण इंग्रजीत तो कौतुकाचाही नाही.

'बॉम्बास्ट' म्हणजे मुळात कापूस. मध्ययुगीन लॅटिनमधला 'बॉम्बॅक्स' फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. काटेसावरीच्या 'बॉम्बॅक्स सेइबा' या शास्त्रीय नावात तो आजही आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुषांचे अंगरखे फुगीर दिसावेत म्हणून आत कापूस ठासत. त्या भरणीचे नाव बॉम्बास्ट. अंगाने किरकोळ माणूसही त्यात भरदार दिसे. शतक संपण्याआधीच हा शब्द भाषेला लागला: आशय किरकोळ, शब्द फुगवलेले. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशातला अर्थ अगदी रोखठोक आहे, अर्थहीन मोठाले शब्द. तिथे दिलेला 'फस्टियन' हा प्रतिशब्दही मूळचा एका जाड कापडाचाच!

अवघड शब्द वापरले म्हणजे भाषण बॉम्बास्टिक होत नाही. विचार गुंतागुंतीचा असेल तर जड शब्द लागतातच. नुसत्या बढाईसाठी इंग्रजीत 'रोडोमोंटेड' हा वेगळा शब्द आहे. इटालियन महाकाव्यातल्या रोडोमोंते या बढाईखोर योद्ध्यावरून तो आला. आपण त्याला वल्गना म्हणतो. बॉम्बास्टिकसाठी मराठीत 'शब्दबंबाळ' हा नेमका शब्द आहे. तो कुठे लागू पडतो हे ओळखायचे असेल तर वाक्यातली विशेषणे काढून पाहावीत. 'ऐतिहासिक, अभूतपूर्व, युगप्रवर्तक पाऊल' यातून विशेषणे वगळली की फक्त 'पाऊल' उरते. कोणते, कधी, कोणासाठी, याचा पत्ताच नाही.

हा शुद्धतेचा हट्ट नाही. इंग्रजी शिकणारी मुले वर्तमानपत्रातून शब्द उचलतात. उद्या त्यातलाच कोणी मुलाखतीत आपल्या प्राध्यापकांच्या व्याख्यानाला 'बॉम्बास्टिक' म्हणेल आणि आदराने बोलूनही ऐकणाऱ्याला ती टीका वाटेल. याचे मला वाईट वाटते.

स्तुतीच करायची तर दमदार, ओघवते, घणाघाती असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरावेत. आणि भाषण खरोखरच पोकळ झाले असेल, तर आपल्या बातमीदारांनी 'शब्दबंबाळ' असे छापायला कचरू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक