व्यसनमुक्तीची अट सर्वांना सारखी हवी

महोदय,

व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही येतात. १९८६मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने अशांना कामात सामावून घेतले आणि त्याचा रुग्णांना फायदाच झाला. त्यांनी काही काळ व्यसनापासून दूर राहिलेले असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. रुग्णासमोर डळमळीत माणूस बसवणे धोक्याचे.

पण ही अट फक्त त्यांनाच का? शनिवारी 'बसणाऱ्या' सहाध्यायाला कोणी विचारत नाही आणि व्यसनातून बाहेर पडलेल्याकडून मात्र हमीपत्र! पाय घसरला तर काय, हेही प्रवेशाच्या वेळी लेखी सांगितले जात नाही. थेट नाव कमी करण्यापेक्षा प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे काम थांबवावे, उपचारांसाठी रजा द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने दारू व अमली पदार्थांशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत आणि उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानला आहे. तरीही वर्गात सर्वांदेखत 'तुझी सोब्रायटी (व्यसनापासून दूर राहिल्याचा काळ) किती?' असे विचारले जाते. संस्थाचालकांनी निदान हा प्रश्न तरी बंद दाराआड विचारावा.

— एक प्रशिक्षणार्थी, सातारा