शेवाळाची भुकटी आणि बंद पडलेली गोळी

मा. संपादक,
स. न.

आमच्या वरूड तालुक्यात समुद्र पाहिलेली माणसं थोडी, पण समुद्री शेवाळ नवीन नाही. संत्र्याच्या बहारावर त्याच्या अर्काचा फवारा कितीतरी शेतकरी मारतात. कृषी केंद्रात बाटली मिळते. म्हणूनच दिवाळीनंतर एक विक्रेता शेवाळाची भुकटी 'शुगरवर' म्हणून घेऊन आला, तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "झाडाले लागू पडते, तं माणसाले काहून नाही पडणार?" असं ते मलाच म्हणाले. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि हे माझ्याच घरात घडलं.

विक्रेत्याजवळ प्लास्टिकमध्ये घातलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. कुठल्या दैनिकाचं, ते वरून कळत नव्हतं. मथळा होता, शेवाळातील फ्युकोस्टेरॉल मधुमेहावर गुणकारी.

फ्युकोस्टेरॉल हे खोटं नाव नाही. तपकिरी शेवाळात ते खरोखर असतं. कोलेस्टेरॉलचाच हा भाऊबंद. रेणूत दोन कार्बन जास्त, एवढाच काय तो मुख्य फरक. कोरियातल्या संशोधकांनी ते मधुमेही उंदरांना दिलं, तेव्हा रक्तातली साखर उतरली. यकृताला इजा करणारं रसायन दिलेल्या उंदरांत यकृताचं नुकसानही कमी झालं. पेशींवरच्या प्रयोगांत सूज कमी करण्याचा गुण दिसला. हे संशोधन मला मोलाचं वाटतं. पण त्या उंदरांना मधुमेह रसायन टोचून, स्वादुपिंडातल्या पेशी मारून आणलेला होता, आणि त्यांना दिलं ते शेवाळातून वेगळं काढलेलं, मोजून घेतलेलं द्रव्य. शिवाय अशी वनस्पतीजन्य स्टेरॉलं आपल्या आतड्यातून शंभरात पाच भागही रक्तात जात नाहीत. चमचाभर भुकटीतून बंधूंच्या अंगी किती लागलं असेल?

डबा मी उघडून पाहिला. हिरवट काळपट भुकटी, सुकटीसारखा वास. फ्युकोस्टेरॉल हे नाव ठळक छापलेलं. ते किती आहे आणि शेवाळ कुठल्या जातीचं, याचा पत्ता नाही. लाल शेवाळात मुख्यत्वे साधं कोलेस्टेरॉलच असतं, म्हणजे जात कळल्याशिवाय त्या नावाला अर्थच नाही. आणि तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर, जे जास्त झालं तर थायरॉईडचं काम बिघडू शकतं. आमच्या वहिनी थायरॉईडची गोळी घेतात. त्याही रोज अर्धा चमचा घेत होत्या!

भुकटीच्या भरवशावर बंधूंनी मधुमेहाची रोजची गोळी सव्वा महिना बंद ठेवली. पायाची जखम भरेना म्हणून उपकेंद्रात नेलं, तर साखर ३१२. गोळ्यांच्या चार पट्ट्या कपाटात तशाच होत्या. आता गोळी परत सुरू आहे, जखम सुकते आहे.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. पण बातमीचं कात्रण ही जाहिरात नव्हे, आणि विक्रेत्याचं काम त्यानेच होतं. म्हणून आपणांस कळकळीची विनंती: अशी बातमी छापताना प्रयोग उंदरावर झाला, काचेच्या बशीतल्या पेशींवर की माणसावर, हे मथळ्यातच लिहावं. आतल्या आठव्या ओळीत नको. आमच्याकडे मथळाच मोठ्याने वाचून दाखवला जातो.

डबा माझ्याजवळ आहे. सोमवारी तो अन्न व औषध प्रशासनाच्या अमरावती कार्यालयात नेऊन देणार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. वरूड, जि. अमरावती