नानांचे नवे गुरुजी

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून पत्र नाही, त्याबद्दल भेटल्यावर काय ते बोलून घे. प्रकृती ठीक, गुडघाही ठीक.

लिहिण्याचे कारण नाना. चिनूला बारावे लागले, म्हणून शुभाने तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस द्यायचे ठरवले आणि घरात महाभारत सुरू झाले. लस तयार होते आपल्याच पुण्यात, पण नाना तिची माहिती घेतात यूट्यूबवरच्या एका गृहस्थाकडून, जो 'हे तुम्हाला कोणीही सांगणार नाही' अशी सुरुवात करून शेवटी स्वतःचे चूर्ण विकतो. लशीने मुलींना पुढे मूल होत नाही, हा लोकसंख्या घटवण्याचा डाव आहे, असे त्याचे म्हणणे. १९९५ साली गणपतीला दूध पाजायला वाटी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या तुला ज्यांनी पृष्ठताण समजावून सांगितला, तेच हे नाना! (तुझ्या चमच्यातले दूध खरेच 'प्यायले' गेले, हे मी आजही मानत नाही.)

मी समजवायला गेलो, तर त्यांनी मलाच ऐकवले. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा येथे अशाच लशीचा प्रकल्प झाला, त्यातल्या सात मुली दगावल्या, वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या आणि २०१० मध्ये सरकारला प्रकल्प थांबवावा लागला. सुधीर, यातले अक्षरही खोटे नाही. मात्र चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, एक मुलगी तर बुडून गेली होती आणि एक सर्पदंशाने. हा भाग चूर्णवाल्याने बेमालूम गाळला आहे. तो धादांत थापा मारत असता तर नानांनी त्याला कधीच निकालात काढले असते. संमतीच्या बाबतीत झालेला अन्याय खरा आहे, म्हणूनच त्याच्या पाठीवर बसून बाकीचे सगळे आत शिरते.

वर्तमानपत्राचे नाव काढले, तर त्यांनी कपाटातून २००९च्या विधानसभा निवडणुकीची कात्रणे आणली. एकाच नेत्याचे गुणगान, दैनिके वेगळी आणि मजकूर शब्दशः तोच. टाचणीच्या गंजाचा डाग प्रत्येक कागदावर त्याच जागी उमटलेला. मी म्हटले, "पैसे घेऊन छापतात म्हणून यांच्यावर विश्वास नाही, मग चूर्ण विकणाऱ्यावर कसा?" त्यावर नाना म्हणाले, "तो निदान माझ्याशी बोलतो." काकू गेल्यापासून त्यांच्याशी रोज तासभर कोण बोलते, याचा हिशेब मी मनात केला आणि वाद तिथेच सोडला. त्यांनी संशय घ्यावा, आपल्याला तो घ्यायला त्यांनीच शिकवले. फक्त तो एकाच बाजूवर का, एवढे मला त्यांच्याकडून हवे आहे.

माझे ते ऐकणार नाहीत. जन्मभर सरकारी नोकरी केली, म्हणजे मी त्यांच्या लेखी डावातलाच. तुझे ऐकतील.

समीरचे लग्न ठरले का? कार्यालय पुण्यात घेऊ नका, पार्किंगवरूनच सोयरीक मोडेल. वहिनींना नमस्कार.

शुभाने डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे, त्याआधी नानांना फोन कर. नऊनंतर कर, तोपर्यंत त्यांचे गुरुजी चालू असतात.

तुझा,
अविनाश