पाहुणा कोल्हापुरात एक रात्र राहील, पण त्याला कुणी सांगायला तर पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात सीबीएस स्टँडवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर रिक्षा लावतो, बावीस वर्षं झाली. पेपरात पत्र लिहायची सवय नाही, पोरीनं मोबाईलवर मराठी टाईप कसं करायचं ते दाखवलं म्हणून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्या-मुंबईचा पाहुणा रिक्षात बसला की तीन प्रश्न ठरलेले असतात. अंबाबाईच्या मंदिरात गर्दी किती असंल, तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो, आणि संध्याकाळची गाडी गाठता येईल का. म्हणजे सकाळी आला, दर्शन घेतलं, जेवला, जमलं तर रंकाळ्यावर दहा मिनिटं, की निघाला. आता गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ ला, पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून पन्हाळ्याचं विचारणारे पण असतात, पण ते पण वर जाऊन खाली येतात आणि तसेच हायवेला लागतात. कोल्हापुरात मुक्काम करणारा कमीच. आणि मुक्काम नाही म्हणजे लॉजवाल्याला काही नाही, रात्रीच्या खानावळीला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळवाल्याला नाही आणि मला पण नाही.

आता बघायला काय नाही का? मीच सांगतो त्यांना. म्हणतो पहाटे उठा, गंगावेश नाहीतर मोतीबाग तालमीत पोरं जोर काढतात ते बघा, मातीचा वास बघा, रात्री गंगावेशला दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात ते प्या. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि सिनेमा काढला ते हेच गाव, प्रभात कंपनी पण १९२९ ला इथंच निघाली, पुण्याला गेली ती नंतर १९३३ ला (पुणेकर पॅसेंजर असला की हे वाक्य मी जरा मोठ्यानं म्हणतो). टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदताना सापडलेली समुद्रदेवाची छोटीशी रोमन मूर्ती आहे, दोन हजार वर्षांपूर्वी आपला माल कुठवर जात होता बघा. लोक ऐकतात, भारी भारी म्हणतात आणि विचारतात, मग आज बघायला मिळंल का, किती वाजता, तिकीट किती. इथं माझी बोलती बंद होते. कारण मला माहीत नसतं, आणि माहीत असलेला माणूस कुठं बसतो ते पण माहीत नाही.

एकदा एका ऑफिसात गेलो होतो विचारायला, ह्या महिन्यात गावात नाटक, गाणं, कुस्ती काय काय आहे त्याची यादी मिळंल का. त्यांनी दुसऱ्या टेबलाला पाठवलं, तिथून तिसऱ्या. तिसऱ्यानं विचारलं, तुमचं काय काम त्याच्याशी, तुम्ही रिक्षावाले ना.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की महापालिकेत एक खातं असं पाहिजे जे गावातला धंदा, कला आणि जुन्या वास्तू हे तिन्ही एकत्र बघंल. आत्ता काय आहे, मंदिर देवस्थान समितीकडं, म्युझियम पुरातत्व खात्याकडं, चित्रनगरी राज्य सरकारकडं, नाट्यगृह महापालिकेकडं, चपलेच्या जीआय टॅगचं (म्हणजे अस्सल कोल्हापुरी कुठली त्याची सरकारी नोंद) लिडकॉमकडं, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाकडं. सगळे आपापलं बघतात, चूक कुणाचीच नाही, पण पाहुण्याला एवढी ऑफिसं थोडीच दिसतात, त्याला एकच गाव दिसतं.

चपलेचंच घ्या. मागच्या वर्षी प्राडा कंपनीनं इटलीत आपल्यासारखीच पायताणं घालून मॉडेल चालवले, आधी कोल्हापूरचं नाव पण घेतलं नाही, गाजावाजा झाल्यावर मान्य केलं, आणि मग महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेऊन ८०० युरोला विकायचं ठरलं. जगात भारी म्हणून आपण स्टेटस ठेवले. त्याच दिवसांत माझ्या रिक्षातल्या एका बाईंनी नऊशे रुपयाला जोड घेतला, पावसात भिजल्यावर तळ पुठ्ठ्यासारखा उकलला, दुकानाचं नाव घेत नाही. जीआय मिळून सात-आठ वर्षं झाली, त्यात आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, लिडकॉमनं आता खरी चप्पल ओळखायला क्यूआर कोड पण आणलाय, पण हे सगळं त्या बाईंना सांगणार कोण? सुभाषनगरात घराघरात चामडं कापतात, वेणी घालतात, वादीनं शिवतात, कान, पट्टा, अंगठा एकेक करून जोडतात. महापालिकेनं तिथल्या दहा घरांशी बोलून सकाळी दोन तास पाहुण्याला बसून बघू दिलं तर तो माणूस दोन हजाराचा जोड घासाघीस न करता घेईल, हे मी पैजेवर सांगतो. कारण शिवताना बघितलेल्या वस्तूचं मोल कळतं, दुकानात टांगलेली चप्पल सगळी सारखीच दिसते.

हे नवीन काही नाही. अहमदाबादला महापालिकेनंच १९९६ ला हेरिटेज सेल काढला, १९९७ पासून सकाळी हेरिटेज वॉक सुरू केला, पोळांतून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांतून, मंदिरापासून मशिदीपर्यंत लोकांना चालवत नेतात, पुढं २०१७ ला शहर युनेस्कोत गेलं. आणि लांब कशाला जायचं, शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, १९०६ ला मिल काढली, १९१२ ला खासबाग मैदान केलं, १९१५ ला त्याच्या अगदी शेजारी पॅलेस थिएटर उभं केलं. गूळ, सूत, कुस्ती, नाटक, सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून आलं. खासबागेला आलेला माणूस थिएटरला जाणार, थिएटरचा माणूस पेठेत जाणार, हे त्यांना कळत असणारच.

तेच थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्यांचं नाव थिएटरला आहे त्या संगीत नाटकातल्या गायक नटाची, जयंती होती. त्या रात्री मी तिथंच होतो, अर्धं गाव होतं, म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. पुन्हा उभारायचं काम हातात घेतलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंती, खुर्च्या, लाईट झाल्या म्हणजे नाट्यगृह झालं असं नाही ना. तिथं वर्षातले किती दिवस नाटक लागणार, गावातल्या हौशी ग्रुपला परवडंल असं भाडं ठेवणार का, परगावच्या माणसाला चार दिवस आधी कळणार का, हे बघणारा एक माणूस नेमा. कंत्राटी नको, दर सहा महिन्यांनी बदली होणारा पण नको. नाटक बघणारा असला तर बरं.

फार मोठी स्कीम मागत नाही. कोट्यवधीचा आराखडा, लेझर शो, सेल्फी पॉईंट ह्यातलं काही नको, कमानी तर बिलकुल नको. पहिल्या वर्षी एक खोली, चार माणसं, एक फोन नंबर, आणि दर सोमवारी एक साधा कागद, ह्या आठवड्यात गावात कुठं काय आहे, कुठला कारागीर कधी भेटंल, म्युझियम कधी उघडतं. तो कागद स्टँडवर, रेल्वे स्टेशनला, भवानी मंडपात आणि लॉजच्या काउंटरवर ठेवा.

आणि लावायला जागा नसली तर माझ्या रिक्षाची मागची काच मोकळी आहे. तिथं सध्या क्लासची जाहिरात आहे, ती काढतो. भाडं नको.

आपला,
सीबीएस स्टँडवरचा एक रिक्षावाला,
कोल्हापूर